वाकड्या रेघांचा आकाशकंदील

डॉक्टर श्रीवास्तवांनी ‘ल्युकेमिया’ हा शब्द उच्चारला तेव्हा माझ्या पिशवीत दूर्वा होत्या. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. लखनौत दूर्वा विकत मिळत नाहीत, म्हणून हॉस्पिटलच्या वाटेवरच्या बागेत थांबून खुडल्या होत्या. रिपोर्टात काय निघणार, अशक्तपणा निघेल, टॉनिक लिहून देतील, एवढंच माझ्या डोक्यात.

‘बहनजी, बैठ जाइए,’ डॉक्टर म्हणाले. मी बसलेलीच होते.

पूर्ण नाव ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’. साध्या भाषेत रक्ताचा कर्करोग. आपल्या हाडांच्या आत जो मगज असतो, त्याला ‘बोन मॅरो’ म्हणतात. रक्त तिथे तयार होतं. या आजारात तिथे कच्च्या, बिनकामाच्या पांढऱ्या पेशींचं रान माजतं आणि चांगल्या रक्ताला जागाच उरत नाही. माझ्या केतकीच्या हाडांत हे चाललं होतं. नऊ वर्षांची पोर!

आमचे हे एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी डॉक्टरांना इंग्रजीत दहा प्रश्न विचारले. मी एकच विचारला, ‘बचेगी ना?’

डॉक्टर गोलमोल बोलणारे नव्हते. म्हणाले, ‘बच्चों में ये बीमारी दवा की सुनती है. चार हफ्ते इलाज करेंगे, अट्ठाईसवें दिन मैरो फिर से देखेंगे. ये सेल न दिखे, तो पहली लड़ाई हमारी. दिखे, तो रास्ता बहुत कठिन है.’

त्या दिवसापासून घरातलं कॅलेंडर मला दिसेनासं झालं. एक ते अठ्ठावीस, एवढेच आकडे उरले.

आता जरा मागचं सांगते, कारण हे वाचणाऱ्या आयांना तेच जास्त उपयोगाचं आहे. पावसाळ्यात केतकीला बारीक ताप यायचा, दोन दिवसांनी जायचा, परत यायचा. नडग्यांवर निळे-जांभळे डाग दिसायचे. मला वाटलं, अलीगंजच्या आमच्या गल्लीत सायकलवरून धडपडत असेल. जिना चढताना मधेच बसायची. सहामाही जवळ आली होती, म्हणून मी म्हणायचे, ‘अभ्यासाचं नाव काढलं की बरा थकवा येतो गं तुला!’ एकदा तर पाठीत धपाटा घातला. तो धपाटा मी अजून विसरलेले नाही. तुमच्या मुलाच्या अंगावर विनाकारण डाग दिसले, ताप रेंगाळला, चेहरा पांढुरका पडला, तर त्याच दिवशी रक्त तपासा. उद्यावर टाकू नका.

औषधं सुरू झाली. ‘व्हिन्क्रिस्टिन’ नावाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा शिरेतून देत. त्याने रोग मरतो, पण हातापायांच्या नसाही बधिर होतात. केतकीला फ्रॉकचं बटण लावता येईना. ‘लंबर पंक्चर’ म्हणजे पाठीच्या मणक्यात सुई घालून मेंदूभोवतीच्या पाण्यात औषध सोडणं. त्यानंतर काही तास उताणं पडून राहायचं, उशीही नाही.

शिवाय स्टेरॉइडच्या गोळ्या. त्यांनी भूक अशी खवळते म्हणता! सकाळी डोळे उघडले की ‘आई, पोहे.’ पोहे संपतायत तोवर ‘आई, आलू पराठा.’ बाहेरचं काही चालणार नव्हतं, कारण जंतुसंसर्गाची भीती; वॉर्डात आम्हीसुद्धा मास्क लावूनच वावरायचो. मग घरी मी गॅसपाशी आणि हे स्कूटरवरून डबे पोचवणार, दिवसातून तीन-तीनदा. केतकीचा चेहरा टम्म फुगलेल्या पुरीसारखा गोल झाला.

तिसऱ्या आठवड्यात केस गेले. उशीवर पुंजकेच्या पुंजके. केतकी भिंतीकडे तोंड करून झोपली ती दोन दिवस वळलीच नाही. हाक मारली तर ‘सो रही हूँ.’ तिला मराठी सगळं समजतं, पण बाईसाहेब उत्तर हिंदीत देणार.

अशा वेळी वॉर्डात माथुर मॅडम आल्या. निवृत्त चित्रकला शिक्षिका, अंगावर फिकी चिकनकारीची साडी, खांद्याला कागदांची वळकटी. त्यांची एक छोटीशी संस्था होती. दर वर्षी शहरातल्या मुलांची दिवाळीच्या ग्रीटिंग कार्डांची स्पर्धा घ्यायची, निवडलेली चित्रं छापायची, हजरतगंजच्या बाजारात टेबल मांडून विकायची आणि आलेल्या पैशांतून या वॉर्डातल्या गरजू मुलांची औषधं आणायची, असा त्यांचा उद्योग. वॉर्डातली मुलंही त्याच स्पर्धेत असत.

मी विचारलं, ‘मॅडम, यांच्यासाठी वेगळं बक्षीस असतं का?’

‘क्यों?’ त्या म्हणाल्या. ‘ये बच्चे ड्रॉइंग में बीमार थोड़े ही हैं.’

मला ती बाई तिथेच आवडली. मग त्या केतकीच्या पाठीकडे बघतच म्हणाल्या, ‘बेटा, आप हमारे लिए एक दीवाली बनाएँगी?’ नऊ वर्षांच्या मुलीला ‘आप’! केतकी वळली. दोन दिवसांनी मला माझ्या मुलीचं तोंड दिसलं.

नियम एकच. मोठ्यांनी कागदाला हात लावायचा नाही.

केतकीने आकाशकंदील काढला. लखनौत दिवाळीला पणत्या असतात, लायटिंगच्या माळा असतात, पण आपल्यासारखा कंदील कुणी लावत नाही. आमच्याकडे मात्र हे दर वर्षी बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद आणून षटकोनी कंदील करतात आणि गॅलरीत टांगतात. केतकीला खळ लावायचं काम. तोच तिने काढला, खाली झिरमिळ्यांसकट. पण बोटं बधिर. रेघ सुरू व्हायची एकीकडे आणि जायची तिसरीकडे. तरी जीभ बाहेर काढून तासन्‌तास बसायची. भुकेची आठवणसुद्धा जरा कमी झाली.

शेजारच्या खाटेवर बहराइचची नसरीन होती, केतकीहून थोडी मोठी. तिने मान उंचावून पाहिलं. ‘पतंग बहुत अच्छी है. पूँछ भी लगाई है!’

त्यात तिची काय चूक? लखनौत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी जमघट असतो, अख्खं शहर गच्चीवर चढून पतंग उडवतं. दिवाळी, रंगीत कागद आणि शेपट्या म्हटलं की इथल्या माणसाला पतंगच दिसणार. सिस्टर म्हणाल्या पतंग, आयाबाई म्हणाली पतंग. केतकी खुशाल हसत होती, ‘हाँ, थोड़ी पतंग भी है.’

माझा मात्र तिळपापड झाला. आमचा कंदील आणि याला पतंग म्हणतात? परीक्षकही पतंगच म्हणणार, मग माझ्या पोरीला कोण निवडणार?

बाविसाव्या दिवशी तिला लंबर पंक्चरला नेलं. मला बाहेर थांबवलं. कागद माझ्यासमोर होता. यांच्या बॅगेत पट्टी होती, काळं पेन होतं. म्हटलं, कडा तेवढ्या सरळ करू. केल्या. मग म्हटलं, काड्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे कुणी पतंग म्हणणार नाही. काढल्या. आत बल्ब काढला, वर हूक काढला. आणि हात कुठला थांबतोय, खाली एक ठिपक्यांची रांगोळीही घातली! शाळेत माझी चित्रकला चांगली होती हो. मागे होऊन पाहिलं आणि मी स्वतःवरच खूश झाले.

केतकी परत आली. उताणी पडूनच तिने चित्र मागितलं. मी ते तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

‘ये किसने किया?’

‘अगं, थोडंसं नीट केलं. आता कसा छान कंदील दिसतोय!’

‘ये मेरी नहीं है.’

परत भिंत. त्या दुपारी तिने जेवायला मागितलं नाही. तासातासाला डबा उघडायला लावणारी मुलगी, आणि वरणभाताकडे बघेना. दुसऱ्या दिवशी सिस्टर रक्त घ्यायला आल्या तर तिने हात छातीशी घट्ट धरून ठेवला. इतके दिवस एकदाही असं केलं नव्हतं.

माथुर मॅडम आल्या. त्यांनी कागदावर एक नजर टाकली. ‘स्केल किसका है?’

खोटं बोलायला तोंडच नव्हतं. मी सांगून टाकलं. वाटलं, रागावतील. त्या मला बाहेरच्या बाकावर घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘आपकी लाइन बहुत सीधी है. मगर ज़रा सोचिए, इस वक़्त इस बच्ची के पास अपना है क्या? ख़ून दूसरों का चढ़ रहा है. बाल गए. खाना, सोना, करवट लेना, सब डॉक्टर के हुक्म से. एक लकीर उसकी अपनी थी.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्या बाकावर बसून हमसाहमशी रडले, आणि ती बाई शेजारी बसून राहिली. उपदेश नाही, काही नाही.

केतकी माझ्याशी पाच दिवस बोलली नाही. बाबांशी बोलायची, नसरीनशी बोलायची. तपासणीला रक्त देताना रोज रडारड. अठ्ठाविसावा दिवस उजाडला. बोन मॅरोची तपासणी म्हणजे कमरेच्या हाडात जाड सुई घालून मगज ओढून घेतात. जागा बधिर करतात, तरी ओढताना मूल कळवळतं. स्ट्रेचर आलं. केतकीने खाटेची कड पकडली. ‘नहीं जाऊँगी.’

हे समजावून थकले. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. मी पुढे झाले आणि अख्ख्या वॉर्डासमोर दोन्ही कान पकडले. ‘केतकी, माझं चुकलं. तुझं चित्र मी बिघडवलं. तुला न विचारता हात लावला. परत कधी लावणार नाही.’

ती म्हणाली, ‘नया काग़ज़ चाहिए.’

‘आणते.’

‘और तुम दूर बैठोगी.’

‘बसते.’

आणि माझी पोर स्वतःहून स्ट्रेचरवर चढली! डॉक्टर तिला म्हणाले, ‘आइए मैडम.’ आतून एकदा तिची किंकाळी ऐकू आली. मी यांचं मनगट असं आवळलं की नखं उमटली. रिपोर्टला तीन दिवस लागणार होते. चित्र देण्याची मुदतही तीनच दिवस होती, मॅडमनी एक दिवस वाढवून घेतला म्हणून.

कार्डाचं काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात. पहिलं बक्षीस एका शाळेतल्या मुलाला मिळालं. खोटं कशाला बोलू, मला थोडं लागलं. पण छापायला निवडलेल्या चित्रांत केतकीचं होतं. ती कार्डं हजरतगंजात विकली गेली आणि त्या हिवाळ्यात नसरीनची महागडी इंजेक्शनं त्याच पैशांतून आली. नसरीनचे अब्बा तिला अर्ध्या उपचारातून गावी घेऊन जायला निघाले होते, ते थांबले.

केतकीचे उपचार पुढे अडीच वर्षं चालले. मधे दोनदा ताप येऊन पुन्हा भरती करावं लागलं, तेव्हा नको नको ते मनात आलं. यंदा गोळ्या बंद झाल्या. तपासण्या अजून काही वर्षं असतील. डॉक्टर श्रीवास्तवांची मी जन्माची ऋणी आहे, आणि माथुर मॅडमची त्यांच्याइतकीच. डॉक्टरांनी रोगाशी कसं लढायचं ते सांगितलं. आजारी मुलाशी कसं वागायचं ते मला मॅडमनी शिकवलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये. आलीच, तर मुलाचं सगळं तुम्ही करा, पण त्याचं एखादं काम त्याचं त्यालाच करू द्या. ते वेडंवाकडं झालं तरी होऊ द्या.

आता तो दिवस सांगते आणि थांबते.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. कागद आमच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, ‘मैरो साफ़ है. इसको रेमिशन कहते हैं.’ रेमिशन म्हणजे रोग मुळासकट गेला असं नव्हे, पण तपासणीत आता त्याच्या पेशी दिसत नाहीत. पहिली लढाई आमची! हे खुर्चीतच चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मी कागद उचलला आणि वॉर्डाकडे धावत सुटले. चप्पल कुठे राहिली तेही कळलं नाही.

केतकी खाटेवर पाय दुमडून बसली होती. पुढ्यात नवा कागद, हातात ब्रश. कंदिलाची शेवटची झिरमिळी रंगवणं चाललं होतं. मी तोंड उघडलं.

‘एक मिनट, आई. हिल जाएगा.’

अठ्ठावीस आणि तीन, एकतीस दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते माझ्या हातात होतं. मी ते घेऊन खाटेच्या पायथ्याशी अनवाणी उभी राहिले. नसरीन माझ्या तोंडाकडे बघत होती, सिस्टर बघत होत्या. ब्रश थरथरत खाली आला, डावीकडे गेला, परत मधे आला. तिला काही घाई नव्हती. मला तर श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायची भीती वाटत होती. मी उभी राहिले.

केतकीने ब्रश पाण्यात टाकला. ‘हो गया. अब बोलो.’

बोलायला गेले आणि भडभडून रडूच आलं.

केतकीने मला नीट निरखलं. ‘अच्छावाला रोना है कि बुरावाला?’

‘अच्छावाला गं बाई माझी, अच्छावाला!’ मी म्हणाले, आणि तोंडावरचा मास्क न काढता तिच्या गुळगुळीत टकलाचे पटापट पापे घेतले.