ओढ्यातून जाणारी हद्द

ऑल्डरकोमच्या ग्रामपंचायतीच्या अध्यक्षा हेस्टर पुलिन दर वसंतात गावकऱ्यांना घेऊन हद्दीवरून चालत, काठीने हद्दीचा एकेक दगड ठोकत. एका ठिकाणी हद्द ओढ्याच्या मधोमध होती, म्हणून तिथे पाण्यातूनच जायचं. यंदा त्यांचा गुडघा सुजला होता आणि जिल्हा कौन्सिल हे गाव पलीकडच्या गावात विलीन करू पाहत होतं.

पलीकडचे अध्यक्ष क्लेम काठावरून ओरडले, “हेस्टर, आमच्या बाजूनं ये की गं! नाहीतरी उद्या सगळं एकच होणार.”

“उद्याचं उद्या बघू. आज तुझ्या गवताला माझा बूट लागायचा नाही!”

त्या पाण्यात उतरल्या. मध्येच तोल गेला, तेवढ्यात मागून चार हातांनी त्यांना सावरलं. वळून बघतात तर सारं गाव गुडघाभर पाण्यात.

“क्लेम,” त्या हसून म्हणाल्या, “एवढ्यांना विलीन करून दाखव बरं!”