कुरणाचे चेअरमन

"उतरा खाली."

आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन हे दोन शब्द कधी ओरडून म्हणत नसत. आधी गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवायचे, बिथरलेल्या बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा, आणि मग म्हणायचे. ट्रॅक्टरवाला असो की टँकरवाला, कुरणाच्या गवतावर ज्याचं चाक गेलं तो उतरायचाच.

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. सगळे त्याच्यावर वैतागतात, आणि अडचण आली की त्याच्याच ओट्यावर जाऊन बसतात. मी त्यांचा सेक्रेटरी. त्यांनी हुकूम काढायचा आणि मी त्याचा विचका करायचा, अशी आमची कामाची वाटणी होती.

उमापूरच्या बाजूला आमचं गाव. गावामागचा माळ सोसायटीने कुरण म्हणून राखला होता. दुष्काळाच्या पहिल्या साली पाण्याचे टँकर, गुरांच्या छावणीला चारा नेणाऱ्या ट्रॉल्या, जो तो जवळची वाट म्हणून माळ कापत निघाला. एक चाकोरी फुफाट्याने भरली की शेजारून दुसरी. उन्हाळा संपेपर्यंत माळ कुणी कंगव्याने ओरबाडल्यासारखा झाला. पुढे पाऊस पडला तो त्या चाकोऱ्यांतूनच माती घेऊन ओढ्याला गेला. गवत आलं नाही, आणि सोसायटीत येणाऱ्या किटल्यांमधलं दूध तळाला गेलं.

तेव्हा चेअरमनांनी सभेत ठराव केला. कुरणातून एकच गाडीवाट. ती सोडून चाक गवतावर गेलं तर गाडीवाल्याने स्वतः कुदळ घ्यायची, आपली चाकोरी खणून भुसभुशीत करायची, गवताचं बी टाकायचं, आणि मगच गाडी हलवायची. कुदळी आणि बियांचं पोतं चेअरमनांच्या जीपमध्ये कायम असे. ती जीपसुद्धा वाटेवरच उभी राही.

"चेअरमन, तुमची जीप आत घाला की. भारे वाहून मान मोडली आमची," गवत कापणाऱ्या बाया म्हणायच्या.

"मान तेल लावून बरी हुईल, अक्का. माळाला कोन तेल लावणार?"

एकदा तलवाड्याच्या वऱ्हाडाची जीप घाईत गवतावरून आली. नवरदेवाचे मामा तडकले, "काहून अडवता हो? मुहूर्त चाललाय!"

"नवरदेवाला जाऊ द्या. तुमी ऱ्हावा."

मामांनी फेटा काढून कुदळ मारली. दुपारी लग्नाच्या मांडवात चेअरमन त्यांच्याच शेजारी जेवायला बसले आणि वाढप्याला म्हणाले, "ह्यांला जिलबी वाढ रे अजून. लई राबलेत."

मग दुष्काळातच साखर कारखान्याची निवडणूक आली. चेअरमनांना संचालकपदाची उमेदवारी हवी होती. दुसरं काही त्यांनी मागितल्याचं मला आठवत नाही. संचालक झालो तर छावणीतल्या गुरांना उसाचं वाढं कुणापुढे हात न जोडता आणता येईल, असं ते म्हणायचे. उमेदवारी ज्यांच्या हातात होती ते साहेब दुष्काळ पाहायला छावणीवर येणार होते. आदल्या दिवशी चेअरमन मला म्हणाले, "सेक्रेटरी, वाटेकडच्या गवताच्या पट्ट्याला चुन्याची फक्की मार. म्हंजी गाड्या आत शिरायच्या न्हाईत."

मी हौशी माणूस. पट्ट्याच्या एका कडेला पांढरी रेघ मारली, आणि शोभा यावी म्हणून दुसऱ्या कडेलाही मारली. दोरी लावून, अगदी सरळ. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे अशा दोन पांढऱ्या रेघांचा अर्थ काय? पुढारी येतोय, त्याने इथून यायचं. गावातल्या प्रत्येक सभेला अशा रेघा मीच मारत आलो होतो. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. साहेबांच्या ड्रायव्हरच्या मात्र लांबूनच पडला.

तीन जीपा वाट सोडून, माझ्या रेघांच्या मधून, कुरणातल्या सगळ्यात चांगल्या गवतावरून डौलात आल्या. मी घमेलं धरून, तोंडाला फक्की फासलेल्या अवस्थेत, वाकून नमस्कार करत होतो.

चेअरमनांच्या हातात हार होता. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी हार माझ्या घमेल्यात ठेवला आणि तळहात बॉनेटवर.

"साहेब, उतरा खाली."

"हा काय प्रकार आहे?" साहेबांचा पीए खेकसला.

"चाकाखाली गवत हाय."

साहेब उतरले. हसले, पण ते ओठांपुरतं. छावणीपर्यंतची वाट फुफाट्यातून चालत गेले. जीपा आल्या चाकोरीतूनच उलट्या काढाव्या लागल्या. चेअरमन मागे बघत, हात हलवत, "हां... सरळ... सरळ" करत त्यांना बाहेर घेऊन गेले.

मग त्यांनी इस्त्रीच्या धोतराचा काचा मारला. "ड्रायव्हरला कुदळ न्हाई. फक्की आपली हुती. एक चाकोरी तुझी, एक माझी."

मी माझी झटपट उरकली आणि बाभळीखाली जाऊन बसलो. ते संध्याकाळपर्यंत खणत होते. पाणी पळू नये म्हणून चाकोरीत थोड्या थोड्या अंतरावर आडवे दगड पुरत होते.

उमेदवारी दुसऱ्याला गेली. ती बातमी आली तेव्हा आम्ही दूध मोजत होतो.

"चेअरमन, माझ्या फक्कीनं तुमचं..."

"गप बे. फक्की तुझी, पर तोंड माझंच हुतं ना?" त्यांनी पुढची किटली मापात ओतली. "साहेबाला बसू दिलं असतं, तर पुना कुनाला उतरवायला तोंड ऱ्हायलं असतं का, सांग."

त्या उन्हाळ्यात वाढ्यासाठी ते कारखान्याच्या गेटवर रांगेत उभे राहिले. उन्हात, डोक्यावर उपरणं घेऊन, चारचौघांसारखे.

चेअरमनांना जाऊन बरीच वर्षं झाली. हल्ली रविवारी शहरातून रुंद टायरांच्या गाड्या माळ चढायला म्हणून येतात. सोसायटीची पाटी आहे, ठरावही चालू आहे. गाड्यांवाली पोरं तशी चांगली असतात. आधी हुज्जत घालतात, मग एकमेकांचे फोटो काढत खणतात. परवा त्यातल्या एकाने गवतातल्या उघड्या मुरमाच्या लांबलचक पट्टीकडे बोट केलं.

"काका, इथून एका चाकाची गाडी गेली होती का?"

ती माझी चाकोरी. पहिल्याच पावसात तिची माती वाहून गेली. नंतर मी बी टाकलं, शेणखत टाकलं, मुरूम तो मुरूमच राहिला.

"चार चाकांची होती बाबा," मी म्हणालो, आणि दुसरी चाकोरी दाखवायला गवतात शिरलो. पायाने बराच वेळ चाचपलं. दाखवण्यासारखं काही नव्हतं. गुडघाभर गवत होतं, सगळीकडे सारखं.