फाटकन फुटलेली मातीची वीट

फाट्! आवाज झाला आणि मी मशीन बंद केलं. मातीची वीट असा आवाज करत नाही. कधीच नाही.

मी तेव्हा पुण्यातल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये इंजिनिअर होते. वीट, काँक्रीट, सळई, जे येईल ते तोडून बघायचं, हा माझा धंदा. त्या दिवशी आल्या होत्या मातीत थोडं सिमेंट घालून, मशीनने दाबून केलेल्या, न भाजलेल्या विटा. शेख सर म्हणून एक रिटायर्ड शिक्षक कात्रजच्या पुढे घर बांधत होते. घर मातीचंच हवं हा त्यांचा हट्ट. भिंती झाल्या होत्या. आमचा रिपोर्ट आला की वर स्लॅब टाकायचा होता.

मातीची वीट दाबली की आधी कुरकुरते. बारीक तडे जातात, कडा सोलवटतात, मग ती सावकाश बसते. ही मात्र कपबशीसारखी फुटली. तुकडा उचलून पाहिला, तर आतून करडा. सिमेंट नुसतं ठासून भरलेलं!

कॉन्ट्रॅक्टर ढमाले समोरच बसला होता.

"काय मॅडम, स्ट्रेंग्थ आली ना भरपूर?"

"आली. भिंतीतल्या विटा अशाच आहेत?"

"अहो, असं कसं? ही सॅम्पलची वीट. लॅबसाठी स्पेशल काढली."

लाजबीज काही नाही! पाहुण्यांसाठी साजूक तुपातला शिरा करावा, तसं सांगत होता. माझं डोकंच सणकलं. तडक साहेबांकडे गेले.

"आकडा पास आहे ना? मग द्या रिपोर्ट," साहेब म्हणाले. "सॅम्पल त्यांनी आणलं, जबाबदारी त्यांची."

"आणि स्लॅब कुणाच्या डोक्यावर, सर?"

"आपण वीट तपासतो. घर नाही."

वा! म्हणजे पास होणार ती वीट, जी घरात नाहीच. मी सही करणार नाही म्हणून सांगितलं आणि शेख सरांना फोन लावला.

साइटवर भिंती बांधून उरलेल्या विटांचा ढीग होता. त्यातल्या मी स्वतः उचलल्या आणि लॅबच्या टाकीत भिजत घातल्या. भिंत पावसात भिजते, आणि मातीची खरी ताकद ओली असतानाच कळते. दुसऱ्या दिवशी शेख सर आणि ढमाले दोघांसमोर एक वीट बाहेर काढली. तिचा कोपरा टाकीतच राहिला. दुसरी माझ्या हातातच दुभंगली. मशीनपर्यंत पोचलीच नाही.

शेख सरांनी टाकीत हात घालून त्या कोपऱ्याचा चिखल उचलला. "नातवंडं झोपणार होती हो त्या स्लॅबखाली," एवढंच म्हणाले. मग वळले. "ढमाले, भिंती उतरवा."

"सर, सॅम्पल सगळेच असं देतात!"

"कॉपी करताना सापडलेली पोरंही मला हेच सांगायची."

भिंती उतरल्या, ढमालेही गेला. साहेब बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. न बोलेनात का!

नव्या भिंती उभ्या राहिल्यावर एका सकाळी शेख सर स्कूटरवरून आले. पायाशी पाण्याची बादली, बादलीत वीट.

"भिंतीतून काढलीय. भिजवूनच आणली. तोडा."

"अहो सर, भिंतीला भोक पाडलंत?"

"बुजवेन. तुम्ही तोडा."

वीट कुरकुरली. तडे गेले. सावकाश बसली, आणि पुरेसा भार घेऊन बसली. त्या रिपोर्टवर मी आनंदाने सही केली.

तुम्ही घर बांधत असाल तर सॅम्पलची वीट स्वतः उचला. कॉन्ट्रॅक्टर नको म्हणाला, तर लॅबपर्यंत यायचीही गरज नाही. टेस्ट झाली.