पाय लागला तर

अंग मोठं की डाव मोठा, हा वाद मी ज्युडो शिकायला लागल्यापासून आमच्या घरात चालू आहे. बाबा कोल्हापूरचे. बँकेच्या बदलीने चेन्नईला आले आणि इथलेच झाले, पण कुस्तीचा विषय निघाला की मनाने परत तिकडे जातात. "डाव येत असेल तर मूठभर माणूस पहाडाला अस्मान दाखवतो," ते सांगतात. आई विचारते, "आणि पहाड अंगावर पडला तर?" मग बाबा पेपर उघडतात.

मी त्या मूठभरांपैकी. सिरुसेरीच्या ऑफिसात मीटिंगभर स्वतःला म्यूटवर ठेवणारी. ज्युडो निवडला तो त्यात बोलावं लागत नाही म्हणून. अड्यारला एका दुकानाच्या गच्चीवर, पत्र्याखाली, आमचा क्लास भरतो. तिथले मास्टर मला पहिल्या दिवसापासून 'पाप्पा' म्हणतात. तमिळमध्ये लहान मुलीला असं म्हणतात. मी नोकरी करते, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

एका शनिवारी ते म्हणाले, "पाप्पा, मोठ्यांमध्ये तुझ्या मापाचं कोणी नाही. पुढच्या महिन्यापासून मुलांच्या बॅचला ये."

मुलांच्या बॅचमध्ये निम्म्या जणांचे दुधाचे दात अजून पडत होते.

"नाही, मास्टर," मी म्हणाले. सगळे वळून बघायला लागले. माझा आवाज त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकला होता.

"बरं," मास्टर म्हणाले. "पुढच्या शनिवारी अक्काला पाड. पाडून दहा आकडे मोजेपर्यंत दाबून ठेव. मग राहा इथेच."

अक्का म्हणजे आमच्या बॅचमधली सर्वांत मोठी बाई, मैलापूरची दातांची डॉक्टर. ती जिना चढून आली की दारातून उजेड यायचा थांबतो. स्वभावाने फार गोड. कोणालाही आपटण्याआधी ती पेशंटशी बोलावं तसं बोलते, "रिलॅक्स मा. थोडंसं प्रेशर जाणवेल."

इथे आमच्या क्लासची एक रीत सांगायला हवी. डाव म्हणून ठरवून पाय मारला तर चालतो. पण चुकून कोणाला पाय लागला, की थांबायचं, त्याला हात लावायचा आणि ती बोटं आपल्या डोळ्यांना लावायची. हे मास्टरांनी शिकवलेलं नाही, उलट ते यावर रोज ओरडतात. हे आम्ही सगळे आपापल्या घरून घेऊन आलोय. इंग्रजी शाळेने माझ्या बऱ्याच सवयी घालवल्या, ही नाही घालवता आली. ऑफिसात लॅपटॉपच्या बॅगेला पाय लागला तरी माझा हात आपोआप डोळ्यांकडे जातो.

शनिवारी बाबा बघायला आले आणि मॅटच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मास्टरांनी खूण केली. अक्काने माझी कॉलर धरली. "रिलॅक्स मा," ती म्हणाली, आणि माझे पाय जमिनीवरून सुटायला लागले.

"डाव," बाबा मागून मराठीत म्हणाले. कुठला ते म्हणाले नाहीत.

मी खाली निसटायला गेले आणि माझी मीच गुडघ्यांवर पडले. अक्काचं पाऊल माझ्या मांडीवर पडलं. चुकून.

"अय्यो, सॉरी मा." तिने माझी कॉलर सोडली, पाऊल उचललं आणि माझ्या खांद्याला हात लावायला एका पायावर वाकली.

समोर आलेली बाही मी ओढली. अक्का पडली. पत्रा हलला असं बाबा अजून सांगतात. मी तिच्या छातीवर आडवी झाले.

"ओण्णु, रेण्डु, मूणु..." मास्टर मोजायला लागले. बाबा खुर्चीतून उठले. आठ आकडे झाले. मी पकड पक्की करायला पाय फिरवला आणि माझी टाच अक्काच्या कानाला लागली.

विचार केला असता तर केलं नसतं. माझा हात सुटला, तिच्या खांद्याला लागला आणि तिथून माझ्या डोळ्यांना.

पुढच्या क्षणी मी खाली होते आणि चेन्नईत अंधार झाला होता. "थोडंसं प्रेशर," वरून प्रेमळ आवाज आला.

मास्टरांनी मला बाहेर काढलं. मग म्हणाले, "दोघी मुलांच्या बॅचला या. ती पोरं कोणाची माफी मागत नाहीत. शिका त्यांच्याकडून."

घरी बाबांनी आईला सांगितलं, "डावच जिंकला होता. संस्कार आडवे आले."

"बरं झालं," आई म्हणाली. ते कशाबद्दल, हे आम्ही विचारलं नाही.

आता मी आणि अक्का मुलांच्या बॅचला जातो. मास्टरांची अट तीच आहे: इथल्या एकाला तरी दहा आकडे दाबून दाखवा आणि मोठ्यांमध्ये परत या. वाटतं तितकं सोपं नाही. ही पोरं पालीसारखी निसटतात. काल पुढचे दोन दात नसलेल्या एका मुलीने माझ्या पोटावर पाय ठेवला आणि खुशाल पुढे गेली.

"कण्णा," मी तिला हळूच, लाडाने म्हणाले, "पाय लागला ना? मोठ्यांना असं करतात का?"

ती ओशाळली. हात पुढे करून वाकली.

मी बाही धरली.