सा सोडताना

"मामाजी, ते बोट उचला!"

"कायले उचलू? सा आहे तो."

"म्हणूनच बेसूर होऊन राह्यलं ना!"

"सानं बेसूर होते? सूनबाई, तू मले शिकवून राह्यली का थट्टा करून राह्यली?"

शालूने कपाळावर हात मारला. डोमाजींच्या डाव्या हाताची करंगळी काही हलली नाही.

आसगावात पेटी म्हणजे डोमाजी. केस काळे होते तेव्हापासून मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या, नाटकात स्टेजसमोर तेच बसत. डावा हात भात्यावर, उजवा सुरांवर, आणि उजव्याचं एक बोट कायम 'सा'वर टेकलेलं. गाणारा कुठं का भरकटेना, त्याला परतायला जागा पाहिजे. यंदा मात्र मंडळाने कीबोर्ड आणला. त्याला भाता नाही. रिकाम्या झालेल्या डाव्या हाताने कॉर्ड धरायचे, तीन सूर एकदम. जमलं नाही तर साकोलीचा पोरगा बसेल, असं मॅनेजर कैलाशने बजावलंच होतं. हा कैलाशच आता ओसरीत चहा पीत, कान देऊन बसला होता.

आधी डोमाजी प्रत्येक कॉर्ड त्याच्या नावाच्या सुरापासून धरत, 'म'चा कॉर्ड 'म'पासून. हात नुसता बेडकासारखा उड्या मारी. मग कीबोर्ड शिकलेल्या सुनेने दाखवलं, सूर तेच ठेवायचे, फक्त खालीवर बसवायचे. सा-ग-प वरून म-ध-सा ला जायचं ना, मग सा तिथंच राहू द्या, सा-म-ध धरा. हे त्यांना भलतंच आवडलं. सा हलत नव्हता!

अडलं ते तिसऱ्यावर. नि-रे-प. त्यात सा नाहीच.

"एवढ्यापुरता सोडा त्याले. पुढच्या कॉर्डात परत येते."

"तेवढ्यात गाणारा घसरला तं?"

"कायले घसरन? त्याच्या कानात बसला आहे तो. तुम्हीच तं बसवला, इतकी वर्सं."

तापल्या तव्यावरून उचलावी तशी डोमाजींनी करंगळी उचलली आणि शेजारच्या 'नि'वर टेकवली. कॉर्ड स्वच्छ वाजला. पुन्हा सा-ग-प. पुन्हा नि-रे-प. सुनेकडे न पाहता ते वाजवतच राहिले.

कैलाशने कप खाली ठेवला. "हे झालं. पण पूर्ण नाटकभर जमन का, डोमाजी? पोराले काय सांगू? ये म्हणू, का नको म्हणू?"

डोमाजींनी वायर गुंडाळली, कीबोर्ड काखेत मारला, पायात चपला सरकवल्या आणि तालमीच्या मंडपाकडे चालू लागले.