पाचशे पावलांवरचं संत्रं

त्या फेब्रुवारीत आम्ही शाळेच्या फाटकापासून तिगावच्या रस्त्यावर ग्रह मांडले होते. फाटकाशी सूर्य, म्हणजे लग्नातल्या स्वयंपाकाची मोठी परात. शंभर पावलांवर स्टुलावर एक सरकी, ती पृथ्वी. पाचशे पावलांवर गुरू, एक गोल संत्रं. मापं मीच काढली होती, त्यामुळे मान जरा ताठच होती. प्रत्येक ग्रहापाशी एक मूल, येणाऱ्या-जाणाऱ्यांना माहिती सांगायला.

गुरूपाशी मी मुद्दाम आठवीतली एक मुलगी उभी केली. तिनं वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. आमची शाळा राज्याच्या सीमेपलीकडे, पुस्तकं हिंदी; तिचं घर मराठी. आज बोलली नाही तर ही कधीच बोलणार नाही, असं मला वाटायचं. म्हणून हिंदीत चार ओळी लिहून पाठ करून घेतल्या होत्या.

दहा वाजता गुरूपाशी जाऊन पाहतो तर स्टूल रिकामं, खाली सालं.

"गुरू कुठी गेला?"

"एक आजी हरभरा सोंगून चालली होती, सर. तहान लागली होती तिले. देल्लं."

माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात तिला झाडलं. वाटेवरच्या माणसाला आपल्याकडे संत्रं नाकारत नाहीत, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या वडिलांच्या बागेतही तोच नियम होता: पोटभर खा, पिशवी भरू नका. मुलगी सालं गोळा करू लागली. मी तणतणत परतलो.

फाटकाशी एक म्हातारी कमरेला विळा खोचून परातीकडे बघत होती.

"मास्तर, सूर्य हाच ना? गुरूपासून पावलं मोजत आली मी. त्याच्यावर उभं राहाले जमीनच नाही म्हणते. अन् एक वादळ कधीचं फिरून राहिलं."

वादळ माझ्या चार ओळींत नव्हतं.

"कोणं सांगितलं?"

"तुमच्या पोरीनं. मी इचारत गेली, ते सांगत गेली. इचारून इचारून माह्या घशाले कोरड पडली, तवा तिनं संत्रं सोलून देल्लं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेतल्या टोपलीतून हाताला लागलं ते संत्रं उचललं आणि पुन्हा पाचशे पावलं चाललो. काय बोलावं ते सुचेना, हिंदीतही नाही आणि मराठीतही नाही. नुसतं संत्रं पुढे केलं.

तिनं ते हातात घेऊन फिरवून पाहिलं.

"सर, हे तं मोठं हाय. माप चुकन."

"चुकू दे," मी म्हटलं.

"नाही सर," ती म्हणाली. "दुसरं आणा."