गोळी कानबाईनंतर मिळेल

सुरतेच्या डिंडोलीत वत्सलाजिजीला ओळखत नाही असं घर नाही, आणि ओळख दाखवतं असंही फारसं नाही. तिची उघड ओळख साड्यांची. मार्केटातल्या शेठकडून ती साड्यांचे गठ्ठे आणते, गल्लीतल्या बायकांना खडे चिकटवायला वाटते, झालेलं काम परत पोचवते. दुसरी ओळख गोळीची. रात्री चूक झाली, दिवस राहायची भीती वाटली, की लगेच घ्यायची ती गोळी जिजी आणून देते. तिचं नाव काढलं की गल्लीतल्या बायका कानांवर हात ठेवतात. संध्याकाळी त्याच हातांनी जिजीचं दार वाजवतात.

डिंडोलीत औषधांची दुकानं काय थोडी आहेत? पण दुकानदार कोण, तर कुणाचा मामेसासरा, कुणाच्या नणंदेचा दीर. अर्धा शिंदखेडा उचलून सुरतेत आणल्यावर दुसरं काय होणार! एकीनं हिंमत करून गोळी मागितली, तर ती घरी पोचायच्या आत बातमी गावाकडे तिच्या सासऱ्यापर्यंत गेली होती. म्हणून जिजी पार शहराबाहेरच्या सचिन गावाला जाते. तिथे कारखान्यांच्या गर्दीत तिला कोण विचारतो? तरी तिथला दुकानदार पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत कोंबून, इकडेतिकडे बघत असं देतो की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी गावठी कट्टा घेऊन चालली.

मागणारीला गोळी स्वतःसाठी कधीच नको असते. भाचीला हवी असते, गावाकडच्या कुणाला तरी हवी असते. जिजी सगळं ऐकून घेते आणि त्या नसलेल्या भाचीच्या नावानं समोरचीलाच झाडते. "तिले सांग, जितकी लवकर तितकी बरी. तीन दिनना पुढे जाऊ नको. अन् ही पोट पाडानी गोळी नही शे. दिवस राही गयात तं हिना काही उपेग नही. पाळी लांबली तं डॉक्टरीणकडे जाय. अन् दर खेपे माले सचिनले धाडापेक्षा नवराले दुकानमा धाड!"

नवऱ्यांवर जिजीचा विशेष राग. कापडाच्या लूमवर एक दोरा तुटला तर बारा तासांत कधीही ज्यांच्या लक्षात येतं, त्यांना घरी येताना निरोधचं एक पाकीट आणायचं लक्षात राहत नाही म्हणे! आणि जिजी गोळीला कधी उशीर करत नाही. पावसात गेली आहे, तापात गेली आहे. गल्ली तिला पाठीमागे काहीबाही म्हणते, पण तिच्यावर भरवसा ठेवते.

हा सगळा शहाणपणा मात्र उंबऱ्याबाहेरचा. घरात जिजी अगदी सासू होती. सून स्नेहाला नऊ महिन्यांची मुलगी, तीही ऑपरेशननं झालेली. टाके ओले असतानाच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की दोन वर्षं दुसरं मूल नको, जिवावर बेतेल. जिजीनं समोर बसून मान डोलावली होती.

श्रावणात कानबाई आली, खानदेशी घराघरांत बसणारी देवी. शनिवारी रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू काढायचे होते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. जिजीनं नवऱ्याच्या, म्हणजे पंडितच्या नावानं काढले, मुलाच्या, कुंदनच्या नावानं काढले, आणि मग चारचौघींसमोर आणखी सव्वा मूठ टाकली. "ही येणारानी!" बायका खो खो हसल्या. स्नेहा मुलीला कडेवर घेऊन आत निघून गेली. जिजीला वाटलं, पोरगी लाजली. गल्लीतल्या प्रत्येक बाईचा चेहरा वाचणाऱ्या जिजीला घरातला एक चेहरा काही वाचता आला नाही.

त्याच संध्याकाळी शेजारची सुषमा आली. साड्यांचं निमित्त, आवाज खाली.

"जिजी, गोळी जोये. कालनी रात. आजच जोये."

"कोनले?"

"शे एक."

"घरमा कानबाई बसाडतस नि तू माले हाई काम सांगस? माय रागाई जाई. सोमवारे विसर्जन व्हवू दे, मंग आनसू."

"जिजी, उशीर व्हई जाई."

"तुनी त्या 'एक'ले दोन दिन कळ निंघत नही का?"

 सुषमानं आतल्या खोलीकडे पाहिलं आणि गेली.

रविवारी कानबाई थाटात बसली, गाणी झाली, सोमवारी तापीवर विसर्जन झालं. देवीचा मान राखून झाल्यावर जिजी ओल्या लुगड्यानिशीच सचिनला धावली. दुपारी सुषमाच्या हातात पिशवी देताना तिनं नेहमीचं सुरू केलं, "आते लागलीच घेवाले सांग. उशीर व्हयेल शे, म्हनीसन पाळीवर ध्यान ठेव म्हना. नही तं मीच सांगस तिले. कोठे शे ती?"

सुषमानं पिशवी तिच्याच हातात परत ठेवली.

"तुमना घरमा."

जिजी दारात आली तेव्हा स्नेहा चुलीपाशी बसली होती, मुलगी मांडीवर झोपलेली. पिशवी बघून स्नेहा उठली नाही. जिजीनं स्वतः पेल्यात पाणी ओतलं, गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. स्नेहानं गिळली.

"माले काब्रं नही सांगं तू?" जिजी म्हणाली. रागानं म्हणायचं होतं, पण राग आवाजात आलाच नाही. "मी का कोनले नही म्हनस?"

स्नेहानं पेला खाली ठेवला.

"शनिवारी 'नाही' म्हणालात ना, आई."

जिजी भिंतीला टेकून खाली बसली. गल्लीतल्या कितीतरी जणींना तिनं सांगितलं होतं की उशिरा घेतलेल्या गोळीचा भरवसा कमी. ते सुनेला सांगायची तिची हिंमत झाली नाही. तिनं झोपलेल्या नातीला उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि स्नेहाच्या पोटाकडे न बघण्याचा प्रयत्न करत राहिली.